शनिवारचा पाचचा सामना

पत्र

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेत वाढले. बाबांबरोबर शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघतच मोठी झाले. आता वय ३१, नोकरीसाठी पुण्यात बाणेरला राहते. प्रीमियर लीग मनापासून बघते, पण घरी लॅपटॉपसमोर एकटीने बघण्यात जीव रमत नाही. ऑफिसातल्या मंडळींबरोबर बाहेर जाऊन पाहिलं. एका ठिकाणी ऐन सामन्यात डीजे सुरू झाला आणि समालोचनाचा एक शब्द ऐकू आला नाही. दुसरीकडे आम्ही दोघीच मैत्रिणी होतो, तर शेजारचं टेबल सामना सोडून आमच्याकडेच बघत बसलं. बिअर आवडते, पण स्ट्राँग बाटल्या मला झेपत नाहीत. एकदा गव्हाची ताजी बिअर प्यायले होते, ती फार आवडली. चांगली क्राफ्ट बिअर, आवाजासकट सामना आणि एकटीने गेलं तरी अवघडल्यासारखं वाटणार नाही, अशी निवांत जागा पुण्यात आहे का? मे महिन्यात धाकटा भाऊ येणार आहे, २० वर्षांचा. त्यालाही न्यायचं मनात आहे.
— कोल्हापूरची, सध्या बाणेर

उत्तर

प्रिय मैत्रीण,

अशा जागा पुण्यात आहेत. पण जागेचं नाव शोधण्याआधी वेळ ठरवा. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आणि त्याच रात्री साडेदहा वाजता एकाच पबमध्ये गेलात, तर दोन वेगळ्या ठिकाणी गेल्यासारखं वाटेल. तुमच्या दोन्ही तक्रारी, डीजेची आणि रोखून बघणाऱ्यांची, उशिराच्या वेळेला जास्त येतात. पाच वाजता पबमध्ये जेवण लांबलेली कुटुंबं असतात, कुठे कुणी लहान मूल घेऊन आलेलं असतं, वेटरला तुमच्याशी दोन वाक्यं बोलायला सवड असते. डीजेचं सामान अजून खोक्यातच असतं.

सुदैवाने प्रीमियर लीगचं वेळापत्रक इथे तुमच्या बाजूने आहे. शनिवारचा पहिला सामना इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला सुरू होतो. ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत, आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. मधल्या हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे जातात, तेव्हा सहा. त्यानंतरचे, तिकडे दुपारी तीनला सुरू होणारे सामने आपल्याकडे साडेसात किंवा साडेआठला येतात, तेही चालतील. तिसरा, तिकडचा साडेपाचचा सामना आपल्याकडे रात्री दहा किंवा अकराला सुरू होतो. बऱ्याचदा आठवड्यातला मोठा सामना नेमका हाच असतो, आणि पबमध्ये बघायला तो सगळ्यात वाईट. रविवारी दुपारी दोनचा तिकडचा सामना आपल्याकडे साडेसहाला किंवा साडेसातला असतो. सोमवारी ऑफिस असल्यामुळे रविवारी गर्दी लवकर पांगते, म्हणून हा सामनाही मला आवडतो.

रात्री दहाच्या सामन्याला आणखी एक अडचण आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. पुण्यातल्या चांगल्या मायक्रोब्रुअरींची, म्हणजे जागेवरच ताजी बिअर बनवणाऱ्या पबांची, खरी मजा त्यांच्या अंगणात, झाडांखाली बसण्यात आहे. पण दहा वाजले की तिथला आवाज बंद किंवा अगदी बारीक होतो आणि आतल्या बंद दालनात संगीत वाढतं. म्हणजे बाहेर बसाल तर मुका सामना, आत बसाल तर डीजे. पाचच्या सामन्याला यातलं काहीच आड येत नाही.

आता जागा. ताज्या बिअरच्या बाबतीत पुणं भाग्यवान शहर आहे. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ साली पुण्यातच सुरू झाली. पुढे तिने मुंबईत टॅपरूम, म्हणजे ताज्या बिअरचे पब, काढल्या. तिथे लोक बोर्ड गेम खेळत तासन् तास बसतात आणि कुणी त्यांना उठवत नाही. कधी मुंबईला गेलात तर तो अनुभव जरूर घ्या. पुण्यात मुंढव्याला २०१४ पासून इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी आहे. एफिनगट पुण्याचीच. टॉइट मूळची बंगळुरूची, ती कल्याणीनगरला आली. या तिन्ही नावांपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण तिथे बिअर जागेवरच बनते आणि ती बनवण्यात त्यांना रस आहे. सामन्याचा आवाज लावायचा की नाही हे मात्र व्यवस्थापक त्या त्या दिवशी ठरवतो. त्यामुळे कुठल्याही पबबद्दल ‘तिथे नेहमी मॅच दाखवतात’ एवढ्या ऐकीव माहितीवर निघू नका.

तुम्ही बाणेरला राहता, त्यामुळे बालेवाडी हाय स्ट्रीट तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे. माझं स्पष्ट मत सांगते. शुक्रवार-शनिवारी रात्री तिथे सामना बघायला जाऊ नका. एकाला लागून एक पब, प्रत्येकाचं संगीत वेगळं, आणि त्यात तुम्हाला हवा असलेला निवांतपणा सापडणार नाही. तीच जागा मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी बरीच शांत असते, आणि प्रीमियर लीगच्या काही फेऱ्या आठवड्याच्या मध्येही होतात. कल्याणीनगरला जायचं असेल तर शिवाजीनगर न्यायालयापाशी मेट्रो पकडा. वनाझ-रामवाडी मार्गावर कल्याणीनगरचं स्थानक आहे. पाचचा सामना सातच्या सुमारास संपतो, त्यामुळे परतीलाही मेट्रो मिळते आणि शनिवारी रात्रीच्या रिक्षाभाड्याची घासाघीस टळते.

जाण्याआधी फोन करा. शनिवारी दुपारी चारला करू नका, तेव्हा त्यांना फोन उचलायलाही फुरसत नसते. गुरुवारी दुपारी करा आणि व्यवस्थापकाला मागून घ्या. ‘मॅच दाखवता का?’ असं विचारलंत तर उत्तर हमखास ‘हो मॅडम’ असं येईल, कारण भिंतीवर टीव्ही असतोच. त्याऐवजी सामन्याचं नाव आणि वेळ सांगून विचारा की समालोचनाचा आवाज लावणार का, की चित्रं चालू आणि वर गाणी. आवाज लावणार असतील तर कुठल्या पडद्याचा, आणि त्या पडद्यासमोरचं टेबल तुमच्या नावावर ठेवतील का. त्या दिवशी कव्हर चार्ज, म्हणजे आत जाण्याचे पैसे, आहे का, आणि असेल तर तो खाण्यापिण्याच्या बिलातून वळता होतो का, हेही तेव्हाच विचारून घ्या. मोठ्या सामन्यांच्या दिवशी तो अचानक लावतात आणि दारात वाद घालण्यात संध्याकाळ जाते. बिलाचंही एक लक्षात असू द्या. पबमध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा व्हॅट राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांवरून १० टक्के केला. मेन्यूवर छापलेली किंमत म्हणजे शेवटची किंमत नव्हे.

फोनवर पलीकडचा माणूस सामन्याचं नाव ऐकून ‘कुठली टीम, मॅडम?’ असं उत्साहाने विचारतो की ‘बघू, लावू’ म्हणतो, यावरून बरंच कळतं. फुटबॉल बघणारा एक जरी कर्मचारी त्या पबमध्ये असेल तर तुमचं काम सोपं होतं. त्याचं नाव विचारून ठेवा आणि पुढच्या वेळी त्यालाच फोन करा.

बसण्याच्या जागेचा विचार मैत्रीण असताना एक, एकटी असताना दुसरा. दोघी असाल तर पडद्याच्या अगदी समोर न बसता थोडं तिरकं, भिंतीला पाठ करून बसा. पडदा दिसतो आणि मागून कुणी येत-जात नाही. एकटीने जाल तेव्हा चार खुर्च्यांचं टेबल घेऊ नका. बारच्या काउंटरला बसा. तिथे एकटं बसणं ही रोजची गोष्ट असते, बिअर देणारा समोरच असतो आणि त्याची नजर सगळीकडे असते. कुणी त्रास दिला तर सांगायला माणूस हाताशी असतो. आणि त्रास झाला तर सांगाच. रोखून बघणाऱ्याला आवरणं ही पबची जबाबदारी आहे. व्यवस्थापकाने टेबल बदलून दिलं आणि वर तुमचीच माफी मागितली, तर त्या जागी पुन्हा जा. ‘जाऊ द्या ना मॅडम’ म्हणाला, तर बिल देऊन उठा आणि ते नाव यादीतून कायमचं काढा. तुम्ही ज्या स्टेडियमवर वाढलात तिथे हजारो पुरुषांच्या गर्दीत वडिलांचा हात धरून बसत होतात. सामना बघायला गर्दीत बसण्याचा हक्क तुम्हाला नवा नाही. तो हात आज बरोबर नाही म्हणून तो कमीही होत नाही.

आता बिअर. तुम्हाला आवडलेली गव्हाची बिअर बहुधा हेफेवायझन असावी. जर्मन पद्धतीची, गाळलेली नसते म्हणून गढूळ दिसते. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळंही नसतं आणि लवंगही. तो वास तिच्या यीस्टमधून येतो. तिची बेल्जियन बहीण म्हणजे विटबिअर, तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात. ती जरा हलकी आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी जास्त छान लागते. दोन्ही साधारण पाच टक्के मद्यार्काच्या आसपास असतात. दुकानातल्या स्ट्राँग बाटल्या आठ टक्क्यांपर्यंत जातात, त्या तुम्हाला का झेपत नाहीत हे यातच आलं. आयपीए (इंडिया पेल एल) नावाची बिअर कडू असते, ती हॉप्स या वेलीच्या फुलांमुळे. पहिल्यांदा पूर्ण ग्लास मागवू नका. बहुतेक मायक्रोब्रुअरी चव बघायला छोट्या ग्लासात थोडी देतात किंवा चार-पाच प्रकारांचा ट्रे देतात. सामना सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी पोचा, ट्रे मागवा, मनासारखी एक निवडा आणि मग चेंडूकडे बघा. स्टाउट ही काळी बिअर मला थंडीत आवडते, तिला भाजलेल्या बार्लीमुळे कॉफीसारखी चव येते, पण पाच वाजता उन्हं असताना ती जड होते.

फुटबॉलच्या सामन्याला या बिअर फार शोभतात असं मला मनापासून वाटतं. पंचेचाळीस मिनिटं खेळ, पंधरा मिनिटं विश्रांती, पुन्हा पंचेचाळीस. ३३० मिलीचा एक ग्लास पहिल्या सत्राला आरामात पुरतो. विश्रांतीत पाणी आणि काहीतरी खायला, मग दुसऱ्या सत्राला हवा तर दुसरा ग्लास. क्रिकेटच्या साडेतीन तासांत किती प्यायलो हे लोकांच्या लक्षात राहत नाही. इथे खेळच तुम्हाला माप देतो.

तरीही गाडी घरी ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा आहे. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर ग्लासात २५ मिली, म्हणजे सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. मध्यम बांध्याच्या बाईला ही मर्यादा ओलांडायला तो एक ग्लास पुरेसा आहे. पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘एकच तर घेतली’ हे पुण्यात रोज ऐकू येतं, म्हणून आकडे देऊन सांगितलं. स्कूटरलाही हेच लागू.

तुम्हाला सोबत हवी आहे हे पत्रातून जास्त जाणवलं, बिअर त्यानंतर. लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल अशा क्लबांच्या पाठीराख्यांचे गट पुण्यात आहेत आणि ते एकत्र सामने बघतात. असा गट पबशी आधी बोलून एक पडदा आणि त्याचा आवाज आपल्यासाठी मागून घेतो, म्हणजे तुमची निम्मी धावपळ दुसऱ्यांनी केलेली असते. तिथे तुम्हाला कुणी ‘ऑफसाइड म्हणजे काय, माहितीय का?’ असं विचारलं तर शांतपणे पहिल्या सत्राचं विश्लेषण करून दाखवा. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताची जर्सी घातली होती. तुमच्या गावात फुटबॉल किती खोल रुजला आहे हे पुण्यातल्या पुष्कळांना माहीतच नसतं, आणि ते ऐकायला त्यांना आवडेल. पहिल्यांदा मोठ्या सामन्याला जाऊ नका. तुमच्या संघाचा तळातल्या एखाद्या संघाशी सामना असेल तेव्हा जा, बोलायला वेळ मिळतो.

आणि एकदा जागा जमली की तीच धरा. दर आठवड्याला नवीन पब शोधत फिरलात तर दर वेळी तुम्ही परक्याच राहाल. एका ठिकाणी नियमित जाऊ लागलात की टेबल मागावं लागत नाही, आवाज आपोआप लागतो, आणि कुणी उगाच बघत असेल तर तुमच्या आधी वेटरच्या लक्षात येतं. ओळख झाली की वेगळी मागणीही करता येते. पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डी जिंकली. तशा अंतिम सामन्याला आपल्या नेहमीच्या पबमध्ये एक पडदा मागण्यात काही गैर नाही. पुण्यात कबड्डी बघायला टेबल का मिळू नये?

भावाचं आता नीट बघू. मे महिना म्हणजे आयपीएलचा काळ. शनिवार-रविवारी पहिला सामना साडेतीनला सुरू होतो, दुसरा साडेसातला. म्हणजे पाच वाजताही पडद्यावर क्रिकेटच असणार आणि आवाजही त्याचाच. प्रीमियर लीगचा शेवटचा दिवसही मेमध्येच येतो. त्या रविवारी दहाही सामने एकाच वेळी, आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतात. फुटबॉलवेड्या भावाला दाखवायला यासारखी संध्याकाळ नाही, पण तिच्यासाठी पबशी दोन आठवडे आधी बोलावं लागेल. पाठीराख्यांचा गट इथेच कामाला येतो, कारण वीस जण येणार म्हटल्यावर व्यवस्थापक एक दालन फुटबॉलला सोडतो. तिथे दोन पडदे असतील तर ते एकाच जोडणीवर आहेत का, हेही विचारा. एक डिशवर आणि दुसरा इंटरनेटवर असेल तर इंटरनेटवरचं चित्र मागे पडतं. पलीकडचे ओरडतात आणि तुमच्या पडद्यावर अजून कॉर्नरच चाललेला असतो.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत. भाऊ २० चा आहे, त्यामुळे त्याला बिअर मिळणार नाही, आणि तुमच्या ग्लासातला घोटही देऊ नका. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पबमधून प्यायलेल्या एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले. त्यानंतर पुण्यातल्या पबांची तपासणी कडक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. आता दारात ओळखपत्र मागतात, काही ठिकाणी २१ खालच्यांना आतच घेत नाहीत. काही ठिकाणी मात्र रेस्टॉरंटच्या भागात, घरच्यांबरोबर, संध्याकाळपर्यंत बसू देतात. फोनवर त्याचं वय खरं सांगून विचारा. नाही म्हणाले तर हट्ट करू नका. त्या दिवशी एखाद्या साध्या रेस्टॉरंटमध्ये सामना बघा, त्याला कोकम सरबत, तुम्हाला काय हवं ते. बहिणीने आपल्यासाठी टेबल राखलं हे त्याच्या लक्षात राहील.

राहिले चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचे, सामने. त्यातले बहुतेक आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबारा किंवा दीडला सुरू होतात आणि पुण्यात पब दीडला बंद होतात. त्यासाठी घरच बरं. २०२० च्या टाळेबंदीत राज्यात मायक्रोब्रुअरींना ताजी बिअर ग्राउलरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीत, भरून विकायला मुभा मिळाली. तुमच्या नेहमीच्या ठिकाणी ती सोय आहे का विचारा आणि संध्याकाळी एक लिटर घेऊन या. ही बिअर पाश्चराइज केलेली नसते, म्हणून वाटेत तापू देऊ नका आणि घरी आल्या आल्या फ्रीजमध्ये उभी ठेवा. मैत्रिणीला मुक्कामाला बोलवा आणि झाकण सामना सुरू होतानाच काढा, कारण उघडलेल्या ग्राउलरमधला फेस दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नाही.